झऱ्यावर पहिला हंडा कोणाचा?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

हातात काम असेल तर ते चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आम्ही शिवथरच्या खोऱ्यातल्या बचत गटाच्या बाया. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या काही जणींनी निसर्ग मंडळ काढलं. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. महिन्याची बैठक झाली की पासबुकं पिशवीत टाकायची आणि तासभर मिळून चालायचं. कधी रानभाज्या बघायच्या, कधी देवराई, कधी ओढा. जिला जे माहीत, ते तिनं बाकीच्यांना सांगायचं.

यंदा २ फेब्रुवारीला आम्ही पहिल्यांदा लांब गेलो. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. १९७१ साली याच दिवशी इराण देशातल्या रामसर गावी तळी, खाड्या, दलदली अशा पाणथळ जागा राखायचा करार झाला. आपल्या महाराष्ट्रातल्या तीन जागा त्या यादीत आहेत: नाशिककडचं नांदूर मधमेश्वर, बुलढाण्याचं लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी. तिकडे जायचं तर मुक्काम आला, खर्च आला. आम्हाला तर संध्याकाळी चुलीपाशी परत यायचं होतं. म्हणून ठरवलं, सकाळी महाडचं चवदार तळं बघायचं, दुपारी दासगावची खाडी.

घरची माणसं हसली. म्हणाली, "धबधब्याच्या गावच्या बाया पाणी बघायला निघाल्या!"

त्यांचंही खरंच होतं. आमच्याकडे पाण्याला काय तोटा? समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला असं मानतात ती शिवथरघळ आमच्याच खोऱ्यात. पावसाळ्यात घळीच्या तोंडावरून पाणी असं कोसळतं की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. महाड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. म्हणजे एका पावसाळ्यातलं सगळं पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं असतं, तर आपण कौलापर्यंत बुडालो असतो. आणि तरी होळी झाली की आमच्या डोक्यावर हंडा चढतो, तो मिरग लागेपर्यंत उतरत नाही. पाऊस पडतो आणि उतारावरून धावत निघून जातो. मागे राहतो तो झरा.

म्हणून आधी आमच्या झऱ्याबद्दल सांगतो.

आमच्या वस्तीच्या वर, डोंगराच्या पोटात, उंबराच्या मुळाशी एक झरा आहे. त्याचं पाणी दगडी कुंडात पडतं. कुंड भरलं की पाणी पन्हळीतून खाली येतं आणि एका डबक्यात साठतं. डबक्यावर गुरं पितात. डोंगर म्हणजे एकसंध दगड असतो असं आम्हाला वाटायचं. तसं नाही. आपला सह्याद्री काळ्या दगडाच्या थरांवर थर चढून झालेला आहे, भाकऱ्यांची चवड असावी तसा. या दगडाला भेगा असतात. माथ्यावर पडलेलं पाणी भेगांतून हळूहळू खाली मुरतं. दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातीसारखा घट्ट पट्टा असतो. त्यातून पाणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून ते आडवं सरकतं. जिथे तो पट्टा डोंगराच्या बाजूला उघडा पडतो, तिथे ते बाहेर येतं. तोच झरा. आषाढात माथ्यावर पडलेलं पाणी असं चैत्र-वैशाखात आपल्या हंड्यात येतं. म्हणून माथ्यावरचं रान तुटलं, दर वर्षी वणवा लागला, माती वाहून गेली, की उन्हाळ्यात खालचा झरा आटतो. ज्या माथ्यावर आपण कधी चढतही नाही, त्याच्यावर आपला हंडा अवलंबून असतो.

आता झऱ्यावरची रीत. कुंडात हंडा बुडवतात त्या गावच्या बाया. डोंगराच्या कडेला कातकरी वाडी आहे, तिथल्या बाया खाली पन्हळीवर भरतात. गावाचं भरून झालं की त्यांचं. उन्हाळ्यात पन्हळ आटते, मग त्या कुंड पुन्हा भरायची वाट बघत बसतात किंवा ओढ्यात डवरा खणतात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा सासूनं दाखवलं, कुंड हे, इथे भरायचं. आम्ही भरलं. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

आमच्या मंडळात वाडीवरची एक ताई आहे. रानातलं तिला जेवढं कळतं तेवढं आम्हा सगळ्यांना मिळून कळत नाही, म्हणून आम्हीच तिला बोलावलं होतं. तीही त्या दिवशी एसटीत आमच्याबरोबर होती. एवढं ध्यानात ठेवा.

बिरवाडीवरून महाडला पोचलो. चवदार तळं गावाच्या मधोमध आहे. चारी बाजूंनी बांधलेले काठ, पायऱ्या, भोवती रस्ता आणि घरं, तळ्याच्या मध्यावर बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. बाबासाहेबांनी स्वतः या तळ्याचं वर्णन लिहून ठेवलंय. पावसाचं पाणी आणि नैसर्गिक झरे, यांच्यावर हे तळं भरतं असं त्यात आहे. म्हणजे आमच्या कुंडासारखंच, फक्त कितीतरी मोठं. पाण्याला चव होती म्हणून नाव चवदार.

आमच्यातल्या दोघी-तिघी दर वर्षी २० मार्चला इथे येतात. बाकीच्यांनी तळं फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं. म्हणून जिला माहीत होतं, तिनं पायरीवर बसून सगळी हकिकत सांगितली. ती आम्ही तुम्हालाही थोडक्यात सांगतो.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून चालणारी पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा तो ठराव. पुढच्या वर्षी, जानेवारी १९२४ मध्ये, महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचं जाहीर केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस हे महाडचे नगराध्यक्ष त्या चळवळीत पुढे होते. कागदावर तळं खुलं झालं. पण तीन वर्षं अस्पृश्यांपैकी कुणी तिथे हंडा बुडवू शकलं नाही. बाजाराला आलेल्या माणसाला तहान लागली तर पाणी कुठे प्यायचं हाच प्रश्न होता. दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्यासाठी महाडात चहाचं दुकान घातलं होतं.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. हजारो माणसं गावोगावाहून चालत आली. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवं, आणि तळं तर समोर असून बंद. तेव्हा परिषदेसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. हे ऐकल्यावर आमच्यातली एक मावशी म्हणाली, "तळ्याच्या काठावर बसून पाणी विकत?" २० तारखेला सगळे जण शिस्तीनं ओळीत चालत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला, कितीतरी जखमी झाले. आणि पाणी बाटलं म्हणून तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्र म्हणत ते परत ओतलं आणि तळं शुद्ध झालं असं ठरवलं.

आमची आजी, सगळ्यात वयस्क, पदर सावरत म्हणाली, "अगो, वरून घागरी ओतल्या, पण खालून झरा येतच होता ना? त्याला कुणी शुद्ध केलं?"

सगळ्या हसलो. पण पुढचं ऐकताना हसू मावळलं.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये काही जणांनी कोर्टात दावा लावला. तळं आमचं आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. कोर्टानं मनाई हुकूम दिला. डिसेंबरच्या २५ तारखेपासून महाडात दुसरी परिषद झाली. मनुस्मृतीचं दहन झालं ते याच परिषदेत. बाबासाहेबांनी बायांसाठी वेगळं भाषण केलं तेही इथेच. कोर्टाचा मान राखून त्या वेळी तळ्यातलं पाणी घ्यायचं थांबवलं. खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. अशी पूर्वापार वहिवाट सिद्ध झालेली नाही, असं न्यायालयानं म्हटलं. तळं सगळ्यांना खुलं राहिलं.

वहिवाट. हा शब्द आम्हाला चांगला ठाऊक आहे. बांधावरून भांडण झालं की हाच शब्द निघतो. पायवाटेवरून झालं तरी हाच. पण पाण्याच्या काठावर बसून तो ऐकला तेव्हा कुठेतरी खुपल्यासारखं झालं. तरी तेव्हा कुणी काही बोललं नाही. वाडीवरची ताई पायरीवर बसून पाण्याकडे बघत होती. फोटो काढले आणि दासगावच्या गाडीत बसलो.

महाड ते दासगाव पाच मैल. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला मुंबईहून बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं आगबोटीनं हरिहरेश्वरला, तिथून दासगावच्या बंदराला आली आणि हे पाच मैल चालत महाडला गेली. आम्ही उलट दिशेनं, गाडीत बसून निघालो होतो.

दासगावला सावित्री नदी रुंद होते. ही सावित्री आपल्या डोक्यावरच्या महाबळेश्वरात उगम पावते, पंचगंगेच्या देवळात जिथे कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्रीही निघतात असं मानतात. म्हणजे तीही झऱ्याचीच लेक. पोलादपूरवरून ती महाडला येते. आमच्या खोऱ्यातलं पाणीही शेवटी तिलाच मिळतं. भरतीचं पाणी समुद्रातून पार महाडपर्यंत चढतं, म्हणून पूर्वी महाड हे बंदर होतं. आमच्या उंबराखालचं गोडं पाणी आणि बाणकोटकडून आलेलं खारं पाणी, दोघांची भेट इथे होते. ओहोटी लागलेली होती. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता आणि त्या चिखलावर पाखरांचा बाजार भरला होता.

इथे आमच्यातल्या शिकलेल्या पोरी गप्प झाल्या आणि वाडीवरच्या ताईनं तोंड उघडलं. बगळा, राखी बगळा, खंड्या, टिटवी, पाणकावळा, सगळी पाखरं तिनं एकेक करून दाखवली. वाकड्या चोचीचा तो कुदळ्या, चिखलात चोच खुपसून किडे काढतो. शेपटी हलवत काठानं पळतात ती बारकी पाखरं थंडीत लांबून येतात आणि ऊन वाढलं की जातात. चिखलावर उड्या मारत होते ते निवटे. बारक्या भोकाशी बोट ठेवून ती म्हणाली, आत चिंबोरी आहे. आणि काढून दाखवलीसुद्धा.

काठाला कांदळवन आहे. आपल्याकडे तिवर म्हणतात, चिपी म्हणतात. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटांसारखी मुळं वर आलेली दिसतात. खाऱ्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून झाड ती वर काढतं आणि श्वास घेतं. त्या मुळांच्या आडोशाला मासळी आणि चिंबोरीची पिल्लं वाढतात. काठाची माती मुळांत धरली जाते. कांदळवन तोडलं तर आधी मासळी जाते, मग काठ जातो, मग खाऱ्या पाण्याला भातशेतीत यायला वाट मिळते. सावित्रीत मगरी आहेत हे तुम्हाला माहीतच असेल. म्हणून आम्ही काठापासून लांबच बसलो. तुम्ही गेलात तर तुम्हीही पाण्यात उतरू नका, धुणं धुवायला तर नकोच.

भाकरी सोडली. चटणी, सुकट, कांदा. खाता खाता कुणीतरी पुन्हा तळ्याचा विषय काढला, किती वाईट दिवस होते वगैरे. तेव्हा ताई बोलली. मोठ्यानं नाही, सहज बोलावं तशी.

"त्यांना निदान कोर्टानं सांगितलं. आमच्या झऱ्याला कोर्ट कुठलं?"

आधी काही जणींना कळलंच नाही. मग कळलं. एक जण म्हणाली, "अगो, तसं नाही, आम्ही काही विटाळ मानत नाही, ती आपली रीत आहे." ताई काही बोलली नाही. भाकरीचा तुकडा मोडत राहिली. मग आजीच म्हणाली, "रीत म्हण नाही तर वहिवाट म्हण. तेही हेच म्हणत होते ना?"

मैत्रिणींनो, रेडिओवर हे सांगणं सोपं नाही. आम्ही सगळ्या जणी दर महिन्याला एका सतरंजीवर बसतो, एकमेकींच्या डब्यातलं खातो. आणि तरी झऱ्यावर ती खाली उभी राहते, हे आमच्या डोळ्यांनी रोज बघितलेलं आम्हाला दिसलं नव्हतं. ते दिसायला महाडला जावं लागलं.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत विषय ठेवला. वाटलं होतं, सगळ्या लगेच हो म्हणतील. तसं झालं नाही. उघडपणे विटाळ कुणी काढला नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं: पाणी पुरणार नाही. वाडी कुंडावर आली तर वैशाखात आपली पोरं तहानेली राहतील. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. जिनं वैशाखात दोन तास रांगेत काढलेत, तिला ती असणारच.

मग एका सुनेनं विचारलं, "पण झऱ्याला पाणी किती, ते कुणी मोजलंय का?" कुणीच नव्हतं मोजलं. पिढ्यानपिढ्या प्यायलो, पण मोजलं नाही.

मोजायला काही लागत नाही. माप माहीत असलेली बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. तुम्हीही करून बघा. झऱ्याची सगळी धार एका पन्हळीत आणायची, खाली बादली धरायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. तीनदा मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. फेब्रुवारीत आमची १५ लिटरची बादली ९० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर, तासाला ६०० लिटर, दिवस-रात्र मिळून १४,४०० लिटर. गाव आणि वाडी धरून आम्ही १६० माणसं. जलजीवन मिशनमध्ये दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबानं १६० माणसांना ८,८०० लिटर. म्हणजे फेब्रुवारीत सगळ्यांना पुरून उरतं.

मेमध्ये पुन्हा मोजलं. तीच बादली भरायला चार मिनिटं लागली. दिवसाला ५,४०० लिटर. माणशी साधारण ३४ लिटर. ओढाताण आहे, पण पिण्याला आणि स्वयंपाकाला भरपूर आहे. आणि खरी गंमत पुढे आहे. रात्री आठ तास झऱ्यावर कुणी नसतं. त्या आठ तासांत मेमध्येसुद्धा १,८०० लिटर पाणी येतं. ते कुंड भरून वाहून डबक्यात जात होतं. आम्ही ज्या पाण्यासाठी वाडीला खाली उभं करत होतो, त्याच्याहून जास्त पाणी रोज रात्री चिखलात घालवत होतो.

कुंडाखाली जुनी दगडी टाकी होती, गाळानं भरलेली. गावच्या आणि वाडीच्या बायांनी मिळून चार दिवसांत ती उपसली. फुटलेली कड सिमेंटनं बुजवली. आता रात्रीचं पाणी टाकीत साठतं. गुरांसाठी खालचं डबकं ठेवलंय, झऱ्याशी गुरं येत नाहीत आणि तिथे कपडे कुणी धूत नाही.

आणि पाळी लावली. छत्तीस घरांची नावं एका वहीत लिहिली, गाव आणि वाडी सलग. आज पहिला हंडा ज्या घरचा, उद्या ते घर शेवटी जातं आणि पुढचं घर पहिलं येतं. कुंड सगळ्यांचं. पहिल्या दिवशी पहिला हंडा ताईच्या घरचा होता, चिठ्ठीत तिचंच नाव निघालं. तिची सून हंडा घेऊन आली आणि सवयीनं खाली पन्हळीशी जाऊन उभी राहिली. आजीनं तिला हात धरून वर आणलं. एवढंच झालं. त्याच्यावर कुणी भाषण केलं नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. दोन घरं अजून पहाटे चारला येऊन भरून जातात, म्हणजे रांगेत उभं राहायला नको. आम्ही त्यांच्याशी भांडलो नाही. वहीत त्यांचीही पाळी लिहिलेली आहे, त्यांना वाटेल तेव्हा यावं.

आता शेवटची गोष्ट, आणि ती नीट ऐका, कारण पाऊस तोंडावर आलाय.

दासगावला खाडीकडे पाठ केली की समोर डोंगर दिसतो. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या आपल्या तालुक्यातल्या गावांवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. आपल्यातल्या कितीतरी जणींची माहेरं तिकडची. त्याची आठवण काढली की आजही घास खाली जात नाही.

जे पाणी झरा होऊन आपल्याला पाजतं, तेच अति झालं की डोंगराची माती सोडवतं. म्हणून झऱ्याची वही फक्त उन्हाळ्यासाठी नाही. पावसाळ्यातही रोज झऱ्याकडे नजर टाका. नेहमी स्वच्छ असणारं पाणी एकाएकी गढूळ आलं, जोराच्या पावसात झरा अचानक थांबला, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे नवीन पाझर फुटला, तर ती सूचना समजा. उतारावर जमिनीला भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, घराच्या भिंतीला नवीन तडे गेले, दारं एकाएकी अडकू लागली, हीसुद्धा तशीच लक्षणं. अशा वेळी रात्र आहे, पाऊस आहे, सामान आहे, असा विचार करत बसू नका. पोरं, म्हातारी माणसं घेऊन आधी उताराखालून आणि ओढ्याच्या वाटेतून बाजूला व्हा. सरपंच, पोलीस पाटलांना कळवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, पोलिसांचा ११२. आणि निरोप वाडीवर गेला का हे बघा. सगळ्यात उंचावर, सगळ्यात उताराला त्यांचीच घरं असतात.

आणखी एक. झऱ्याचं पाणी वाढावं म्हणून डोंगरावर चर खणतात. सपाट माथ्यावर ते चांगलं. पण घरांच्या वरच्या तीव्र उतारावर, जाड मातीत, जाणत्या भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय चर खणू नका. तिथे मुरवलेलं पाणी झऱ्याला जाईल की दरडीला, ते आपल्याला वरून कळत नाही. आपल्या हातात आहे ते एवढं: माथ्यावरचं रान राखायचं, वणवा लागू द्यायचा नाही, झऱ्याभोवतीची झाडं तोडायची नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाची पुढची बैठक झाली की पासबुकं पिशवीत घाला आणि आपल्या झऱ्यावर जा. बादली न्या, घड्याळ न्या, धार मोजा, वहीत तारीख घालून लिहा. आणि तिथे उभं राहून एकदा बघा, कुंडावर कोण आहे आणि पन्हळीवर कोण. जी खाली उभी असेल तिला विचारा. आम्हाला विचारायला उशीर झाला. तुम्ही करू नका.

येतो आम्ही. नमस्कार.